आजीचा शालू, शिवलेली नऊवारी आणि कात्री

तू लिहून पाठवलेला प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. फेब्रुवारीत तुझं लग्न, सासर गुजराती, कार्य बडोद्यातच, विधी दोन्हीकडचे. आजीचा नऊवारी बनारसी शालू कपाटात आहे, साठ वर्षांचा. आई म्हणते तो शिवून घे, म्हणजे दिवसभर सुटायची धास्ती नको. डिझायनर म्हणाली कापून लेहंगा करू, फ्यूजन दिसेल, फोटो छान येतील. आणि आजी म्हणतात, शिवलेली नऊवारी म्हणजे नाटकातलं सोंग. नेसायची तर धड नेस, नाहीतर राहू दे. ‘काकू, तिघींत बरोबर कोण?’

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात तेहेतीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. नवरात्राच्या आधी चणिया-चोळ्या, लग्नसराईत ब्लाउज, आणि गेली पंधराएक वर्षं शिवलेल्या नऊवाऱ्या. म्हणजे आजी ज्याला सोंग म्हणतात ते शिवून माझं घर चालतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

उत्तर आधी देते. शालूला कात्री लावू नकोस. शिवलेली नऊवारी हवीच असेल तर नव्या कापडाची शिव, आणि नीट शिवून घे. शालू मात्र नेस. तो सुटू नये याची सोय कात्रीशिवाय होते, ती खाली सांगते.

आता आजींचं म्हणणं. ते मी मुळीच हलकं घेत नाही. त्यांनी आपल्या सासूच्या अंगावर जी नऊवारी पाहिली ती कामाची होती. त्याच लुगड्यात पाणी भरायचं, दळायचं, मांडी घालून पंगतीत वाढायचं, पोर कडेवर घेऊन माडीवर चढायचं. आठ मीटरच्या वर कापड, त्याला एक टाका नाही की एक पिन नाही, आणि तरी दिवसभर सुटत नाही. हे सगळं काष्ट्यामुळे. कमरेला गाठ मारायची, निऱ्या घालायच्या, निऱ्यांचा मधला काठ उचलून दोन पायांतून मागं न्यायचा आणि पाठीशी घट्ट खोचायचा. कापड चहूकडून एकमेकाला धरून राहतं. पाय मोकळे, पोटरी झाकलेली, वाकलं तरी काही उघडं पडत नाही. अंग वाढलं, पोट आलं, बाळंतपण झालं, तरी तेच लुगडं. माप घ्यायला कुणाकडे जावं लागत नाही. कपड्याच्या रचनेचा विद्यार्थी म्हणून सांगते, इतकं हुशार वस्त्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि त्यात खिसासुद्धा होता. माझ्याकडे येणाऱ्या मुली हल्ली नऊवारीला खिसा मागतात, मोबाइल मावेल एवढा. सुरुवातीला मला ते खटकायचं. मग माझ्या आजीचं नेसणं डोळ्यांपुढे आलं. पुढे जो फुगीर भाग खोचलेला असायचा, तो ओचा. परसातल्या शेंगा त्यातून घरात यायच्या. नाणी कनवटीला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. नेसण्यातच ठेवण्याची जागा होती. ते नेसणं शिवताना आम्ही शिंप्यांनी ती जागा बुजवून टाकली, आणि आता पोरी ती परत मागताहेत. तेव्हापासून मी प्रत्येक शिवलेल्या नऊवारीला उजव्या बाजूला, ओच्याच्या घडीखाली दडेल असा खिसा देते आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

पण आजींना एक गोष्ट विचार. लग्नानंतर त्या स्वतः रोज काय नेसायच्या? बहुतेक पाचवारी. आणि पाचवारी गोल नेसण्यावरून त्यांच्या आधीच्या पिढीत घराघरांत धुसफूस झाली होती. काष्ट्याचं ते सकच्छ, शिष्ट; गोल पातळ म्हणजे थिल्लरपणा, असं म्हणणाऱ्या सासवा होत्या. आज तीच गोल साडी ‘सोज्वळ’ म्हणून सुनेला सांगितली जाते. ती नेसण्याची पद्धतही आकाशातून पडलेली नाही. १८६०च्या दशकात रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर नवऱ्याच्या नोकरीमुळे मुंबई इलाख्यात आल्या, त्यांनी पारशी आणि गुजराती बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात फेरफार करून परकर-पोलक्यासह, डाव्या खांद्यावर पदर अशी साडी बंगालमध्ये नेली. घराबाहेर पडणाऱ्या बाईला सोयीचं काय, हा प्रश्न एका बाईनं विचारपूर्वक सोडवला. आजच्या भाषेत ते डिझाइनच.

बडोद्याला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नाही. महाराजा सयाजीराव आणि महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांची मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे ठरलेलं लग्न त्यांनी १९११ साली स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. १९२२ साली त्या विधवा झाल्या. शिफॉनच्या साडीची फॅशन हिंदुस्थानात आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, आणि ती त्या पांढऱ्या रंगात नेसत. आता त्याच काळातल्या एखाद्या मराठी ब्राह्मण घरातली विधवा आठव: केशवपन केलेलं डोकं, अंगावर आलवण म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, चोळी नाही. तेही नऊवारीच होतं. तुझ्या मैत्रिणी नऊवारी नेसून ‘आपली संस्कृती’ म्हणून फोटो टाकतात तेव्हा मला आनंदच होतो, पण आलवणही त्या संस्कृतीतच होतं हे मी विसरू शकत नाही. विधवेच्या पांढऱ्या साडीतून इंदिराराजेंसारख्या एका बडोदेकर मुलीनं देखणेपण उभं केलं, हे मला तिच्या दागिन्यांपेक्षा मोठं वाटतं.

कुणी कुठली नऊवारी नेसायची हेही मोकळं नव्हतं. ब्राह्मणी नेसण वेगळं, मराठा घराण्यांतलं वेगळं, कोळणीचं गुडघ्याशी आवळलेलं वेगळं, लावणी नाचणारीचं वेगळं. नुसत्या नेसण्यावरून बाईची जात आणि धंदा ओळखता यायचा. आज माझ्याकडे मुलगी येते आणि कॅटलॉगमधून ‘पेशवाई’ की ‘मस्तानी’ असं निवडते. त्यात वरवरचं पुष्कळ आहे. तरीही कुठल्याही घरातली मुलगी कुठलंही नेसण निवडू शकते, याचं मला समाधान आहे. हे एवढं सांगितलं कारण ‘खरी नऊवारी’ हा शब्द आजींच्या तोंडी जितका सरळ आहे तितका तो सरळ नाही.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट होते. पुण्यात नऊवारी नेसली तर मुलगी नटली एवढंच दिसतं. बडोद्यात ती नेसून मंगळ बाजारातून चाललीस तर लोकांना तू मराठी आहेस हे दिसतं. नवरात्रात आपल्या मुली चणिया-चोळीत असतात, फाइन आर्ट्स कॉलेजच्या गरब्यात त्या आणि गुजराती मुली वेगळ्या काढता येत नाहीत, आणि ते छानच आहे. गुढीपाडव्याला त्याच मुली काष्टा घालून बाहेर पडतात. म्हणून तुझ्या लग्नात नऊवारीचं वजन पुण्यातल्या मुलीपेक्षा जास्त आहे, हे मी समजू शकते.

तुझ्या सासूबाई घरचोळं देतील, म्हणजे लाल बांधणीची साडी, बारा किंवा बावन्न चौकटींची. पानेतर, म्हणजे लग्नातली पांढरी-लाल साडी, तुझ्या मामानं द्यायचं अशी त्यांच्याकडे रीत आहे. आपल्याकडे पिवळी अष्टपुत्री कोण देतं? मामाच. दोन्ही घरांना हे आधी सांग, मामाला जरा खर्च पडेल पण बैठकीत मजा येईल. आणि बघ, घरचोळं कुणी कापायला सांगत नाही. तुझ्या सासूबाई स्वतःचं घरचोळं घरातल्या प्रत्येक लग्नाला डोक्यावरून घेतील. ते वर्षानुवर्षं बाहेर निघतं यातच त्याचा मान आहे.

आता लेहंग्याचं. दोन वर्षांपूर्वी एक बाई कागदी पिशवीतून एक लेहंगा घेऊन आल्या, ‘दुरुस्त होईल का’ म्हणून. शहरातल्याच एका दुकानात चुलत आजीच्या शालूचा शिवून घेतला होता, लग्नात एकदाच घातला होता. मी तो टेबलावर पांढऱ्या चादरीवर उलटा केला. आत कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारी जाड जाळी, त्यावर अस्तर, आणि त्या सगळ्या घेराचं ओझं कमरेच्या चुण्यांना दिलेल्या टीपेवर. टीपेच्या बरोबर खाली रेशीम उभं उसवत गेलं होतं, बोटाएवढ्या फटी, एकाशेजारी एक, कंबरभर. शिवण शाबूत होती, कापड गेलं होतं. घेराच्या कळ्या (तिरके तुकडे) पाडताना बुट्ट्या मधोमध कापल्या होत्या. एका मोराचं डोकं एका कळीत आणि पिसारा दुसरीकडे. पदर घेराच्या खाली लावून टाकला होता. शिवाय पिशवीच्या तळाशी चिंध्या होत्या, त्या बाईंना टाकवल्या नव्हत्या म्हणून जपून ठेवलेल्या. मी त्यांना दुरुस्ती नाकारली. पदराचा तेवढा तुकडा सोडवून, मागं मलमल लावून, चौकटीत बसवून दिला. भिंतीवर लावला आहे म्हणाल्या.

जुनं रेशीम साडी म्हणून टिकतं याचं कारण आहे. नेसलेल्या साडीत ओझं आठ मीटरभर वाटलं जातं, आणि दर वेळी निऱ्या वेगळ्या जागी पडतात. शिवलं की ताण त्याच चार रेघांवर, कायमचा. वर सुईची भोकं, दर इंचाला दहा-बारा. नवं कापड हे सोसतं, साठ वर्षांचं सोसत नाही.

तेव्हा आधी शालू तपासायचा. दिवसाउजेडी खिडकीपाशी, अंगठ्या-बांगड्या काढून, दोघींनी मिळून उलगडायचा. उजेडाकडे धरून घडीच्या रेघा बघ. रेघेतून कवडसे आले तर रेशीम तिथे विरलं आहे. मग आतल्या टोकाला, जे कमरेत खोचलं जातं तिथे, दोन चिमटींत कापड धरून अगदी हलका ताण दे. चर्र आवाज आला किंवा धागे सरकले तर तो शालू नेसायचाही नाही, खांद्यावरून शेला म्हणून घ्यायचा. शालूची जरतार काळी पडली असेल तर घाबरू नकोस. खरी जरतार चांदीची, तिच्यावर सोन्याचा मुलामा, चांदी काळवंडणारच. चिंच, टूथपेस्ट, लिंबू असलं काही लावू नका, ते रेशमाला जाळतं. आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आजच काढा; शालू प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला.

शालू धड निघाला तर कात्रीशिवाय सोय अशी. मांजरपाटाचा दोन बोटं रुंद पट्टा तुझ्या कमरेच्या मापाचा करायचा, पुढे नाडी. निऱ्या हातानं घालून वरच्या टोकाला त्या थेट टाचायच्या नाहीत. आधी त्या टोकाला मलमलीची पट्टी धरायची आणि पट्टीतून जाणारा सैल धावदोरा घालायचा, बारीक सुईनं, रेशमी दोऱ्यानं, बोटभर लांबीचे टाके. एका नऊवारीला असे जेमतेम चाळीस टाके लागतात. मशीन मारली असती तर हजारांत गेले असते. काष्ट्याच्या निऱ्या घालून त्यांच्या टोकालाही तसाच कच्चा टाका. लग्नाच्या सकाळी गाठ मारायची, पट्टा बांधायचा, काष्टा मागं नेऊन पट्ट्यात खोचायचा, वरून कमरपट्टा. वीस मिनिटांत नेसून होते. सेफ्टी पिन लावायचीच झाली तर कापडाखाली मलमलीचा तुकडा धरूनच, आणि खांद्यावर एकच. तुझ्या आईची धास्ती खरी आहे, तिच्यासाठी एवढं पुरेसं आहे.

सराव मात्र लागेल. आजींना बोलावून जुन्या सुती लुगड्यावर आठ-दहा वेळा नेसून बघ. पहिल्या तीन वेळा काष्टा ढिला येईल. चौथ्या वेळी हाताला कळतं की खोचताना श्वास सोडायचा आणि पाय थोडे फाकवून उभं राहायचं. हे कुठल्याही शिंप्याला शिवून देता येत नाही.

शिवलेली नऊवारी तू संध्याकाळसाठी कर, स्वागतसमारंभाला, जिथे नाचायचं आहे आणि पटकन बदलायचं आहे. त्यात मला काहीच गैर वाटत नाही. मी शिवलेली पहिली नऊवारी मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. मुलगी सप्तपदीला वाकली आणि मागची शिवण टरकली. पुढचे सगळे विधी तिनं पाठीमागे पदर धरून केले. चूक सर्वस्वी माझी होती. पायजम्यासारखं आसन कापलं, दोन सरळ तुकडे मधोमध जोडले, आणि उभं राहून माप घेतलं. बसल्यावर मागची लांबी किती वाढते हे धरलंच नाही. मुलीनं मला एक शब्द बोलला नाही, तिच्या आईनंही नाही, म्हणून ते अधिक लागलं. त्यानंतर आठवडाभर मी आईचं सुती लुगडं नेसून दुकानात बसले, उठले, जिना चढले, आणि कापड कुठे कुठे सरकतं त्यावर खडूनं खुणा केल्या. माझा आताचा कट त्या खुणांवरून आला आहे. दोन पायांच्या मध्ये चौकोनी कळी, हिंदीत जिला मियानी म्हणतात ती, तिरकी बसवलेली. आसन बसून मोजलेलं. आणि बाजूच्या शिवणींत दोन-दोन इंच माया. आमच्या धंद्यात शिवणीत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. ती असली की तीच नऊवारी पुढे धाकट्या बहिणीला उसवून देता येते. माया न ठेवता शिवलेला कपडा एका दिवसाचा.

कुणाकडेही शिवलीस तरी ट्रायलला या गोष्टी कर. पाटावर मांडी घालून बस आणि बसल्या बसल्या पुढे वाक. हार घालायला वर करतात तसे दोन्ही हात वर कर. जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढ. आरशाकडे पाठ करून काठ बघ: काष्ट्याचा काठ कमरेपासून टाचेपर्यंत सरळ पडला पाहिजे, मध्येच तिरका गेला तर कट चुकला आहे. आणि स्वच्छतागृहात एकटीला जाता येतं का ते बघ. हे कुणी विचारत नाही आणि लग्नाच्या दिवशी सहा तासांनी रडू येतं. मी डावीकडे वीतभर उघड आणि आत हुक ठेवते, पुढे नाडी. पाठीला चेन लावलेली नऊवारी घेऊ नकोस.

कापड सुती, माहेश्वरी किंवा इरकली घे. सॅटिनवर बनारसी छाप मारलेलं घसरतं, निरी धरत नाही, आणि दिव्यांखाली चकाकतं. रंग तुझ्या आवडीचा. हिरवाच हवा असा नियम नाही.

शालूवर चोळी खणाची कर. साठ वर्षांपूर्वीच्या चोळीत तू मावणार नाहीस, आणि शालूतून कापड काढायचं नाही असं ठरलंच आहे. गुळेदगुड्डचा हातमागाचा खण मिळाला तर उत्तम. खण-नारळानं ओटी भरतात ते हेच कापड. पूर्वी त्याची चोळी टक्स न घालता, छोटे तुकडे जोडून, पुढे गाठ मारून व्हायची; एक चिंधी वाया जायची नाही. मूळच्या विदिशाच्या वैशाली शडांगुळे खण आणि चंदेरीसारखी हातमागाची कापडं घेऊन काम करतात, आणि २०२१ साली पॅरिसच्या ओत कुतूर सप्ताहात त्यांचे कपडे दिसले. त्यांचं काम मी बारकाईनं बघते, कारण कापडाचा पन्हा आणि काठ मोडून न टाकता नवा आकार कसा काढायचा हे त्यातून शिकता येतं. तुझ्या डिझायनरलाही मी हेच सुचवीन. तिच्या हातात कसब असेलच; ते तिनं नव्या खणाच्या जाकिटावर किंवा चोळीच्या पाठीवर दाखवावं.

शालू, मांजरपाट आणि आजी यांना घेऊन एखाद्या मंगळवारी दुपारी ये, त्या वेळी दुकानात गर्दी नसते. आणि लग्न झाल्यावर पाचपरतवनाला माहेरी येशील तेव्हा ते कच्चे टाके आजींच्या शेजारी बसून तूच काढ. ब्लेड नको, छोटी कात्री घे. गाठीच्या टोकाकडून एकेक टाका कापायचा, दोरा ओढायचा नाही, चिमट्यानं उचलून घ्यायचा. मग शालू रात्रभर सावलीत पसरून ठेव, अंगाची ओल जाऊ दे, आणि सकाळी जुन्या रेघा सोडून नवी घडी घाल.